मुकादम मॅडमनी दिलेला मार्क

मुकादम मॅडम चिडल्या की त्यांचा आवाज चढत नसे, खाली जाई. इतका खाली जाई की मागच्या बाकावरची पोरं पुढे वाकून ऐकायची, आणि ऐकू आलं की गुपचूप मागे सरकायची. मी पेणच्या त्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री लॅबचा अटेंडंट. परीक्षानळ्या धुवायच्या, ॲसिडच्या बाटल्या जागच्या जागी लावायच्या, फुटक्या काचेची वहीत नोंद करायची, हे माझं काम. सतरा वर्षं मी त्यांचा राग शेजारच्या खोलीतून ऐकला. माणूस मी दहावी नापास, पण त्या रागातून मला जेवढी केमिस्ट्री कळली तेवढी आमच्या साठ पोरांना नोट्स घोकून कळली नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. कोणाला राग यायचा तर खुशाल येऊ दे.

त्यांचा सगळ्यात मोठा राग एका वाक्यावर होता. 'रासायनिक बंधांमध्ये ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटले की ती बाहेर पडते.' पेणमधल्या एका क्लासच्या छापील नोट्समध्ये हे वाक्य चौकटीत असायचं आणि चौकटीवर लिहिलेलं असायचं, 'अतिमहत्त्वाचे'. आमची पाऊण पोरं त्याच क्लासला. कॉलेजात यायची ती झोप काढायला. वाक्य धादांत चूक होतं. मॅडम दरवर्षी ते खोडायच्या आणि दरवर्षी ते नव्याने छापून यायचं.

"म्हात्रे, चुकीचं वाक्य कसं गुळगुळीत असतं बघा," त्या मला म्हणायच्या. "जिभेवर ठेवलं की पोटात. बरोबर वाक्य घशात अडकतं, म्हणून कोणाला नको असतं."

मग त्या माझ्याकडून जुन्या लाऊडस्पीकरमधले दोन चुंबक मागवायच्या. एकमेकांना चिकटलेले. वर्गातला सगळ्यात आडदांड पोरगा उभा करायचा आणि म्हणायचं, "ओढ." पोराच्या मानेच्या शिरा फुगायच्या, तोंड लालबुंद. एकदाचे चुंबक सुटले की विचारायच्या, "दम कोणाला लागला? तुला. म्हणजे तोडायला कोणी दिलं? तू. आता जवळ ने." चुंबक टक्‌कन एकमेकांवर आदळायचे, पोराचं बोट चिमटायचं, वर्ग हसायचा. "हे आपटणं कुठून आलं? जुळण्यातून. अणूंचंही तसंच. तुटायला द्यावं लागतं, जुळताना मिळतं. काडी आधी घासावी का लागते? जुने बंध सैल करायला काहीतरी द्यावं लागतं म्हणून. मग काडीतला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, आणि ते नवे बंध जुन्यांपेक्षा घट्ट असतात. जेवढं दिलं त्याहून जास्त मिळतं. ते जास्तीचं म्हणजे ती ज्योत. काडीच्या आत कोणी ऊर्जेचं गाठोडं बांधून ठेवलेलं नाही."

कोणी पटकन मान डोलावली की त्यांचा एकच शब्द, "कशावरून?" पोरगं बरोबर बोललं तरी तेच, चुकलं तरी तेच. शाबासकी वगैरे काही नाही. पोरं वैतागायची. वहीत अक्षर चांगलं आहे म्हणून कौतुकाची अपेक्षा करणाऱ्या मुली तर रडकुंडीला यायच्या. पण मॅडम त्यांना सोडायच्या नाहीत.

राहायच्या रोह्याला. नवरा कुवेतला नोकरीला होता, तिथेच तो गेला, मूलबाळ नाही. रोज एसटीने रोहा ते पेण, पुन्हा पेण ते रोहा. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. लॅबमध्ये खायचं नाही हा नियम त्यांचाच, म्हणून व्हरांड्यात उभ्याने जेवायच्या. पांढऱ्या एप्रनला खिशाजवळ रुपयाएवढं भोक होतं. मी एकदा म्हटलं, नवा मागवू का. "राहू दे. माझ्या हातून ॲसिड सांडलं होतं. पोरांना दिसू दे," म्हणाल्या. स्टाफरूममध्ये काही जण पाठीमागे त्यांना 'स्फोटक पदार्थ' म्हणायचे आणि दात काढायचे. त्या मुसलमान आडनावाला जोडून हा शब्द वापरण्यात विनोद किती आणि विष किती, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. एकदा मी तिथल्या तिथे ट्रे आदळला होता. मॅडमना मात्र त्याचं काही नसे. "शब्दाचा अर्थ तरी नीट माहीत आहे का त्यांना, विचारा," एवढंच म्हणाल्या.

एकदा एसटीत मी त्यांच्याबरोबर होतो. वडखळला गाड्यांची ही रांग. ड्रायव्हर कंडक्टरला सांगत होता, "पेट्रोलमध्ये काय पॉवर भरलेली असते बघ, एवढासा लिटर आणि केवढी गाडी ढकलतो." झालं. मॅडम मागून उठल्या आणि थेट केबिनपाशी. "टाकी हवाबंद केलीत आणि इंजिनात हवा येऊ दिली नाहीत तर तुमचं पेट्रोल काय करील? एकटं पेट्रोल बसून राहील, जसे आता आपण बसलोय. त्याला हवेतला ऑक्सिजन भेटायला लागतो. काम दोघांच्या जुळण्यातून होतं. हवा फुकट मिळते म्हणून तिचं नाव कोणी घेत नाही, सगळं श्रेय पेट्रोलला!" गडब मागे गेलं, नागोठणं आलं, तरी तास चालूच. उतरताना कंडक्टर मला हळूच म्हणाला, "बाईंना घरात कोणी बोलायला नाय वाटतं." मला त्याच्या दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. पण खरं सांगायचं तर तो चुकलाही नव्हता.

आता ज्या मार्काबद्दल सांगायचंय त्याकडे येतो. ते सांगताना आजही माझं डोकं तापतं, आणि सगळ्यात जास्त तापतं ते माझ्यावरच.

मॅडमचं निवृत्तीचं वर्ष होतं. जानेवारीत बारावीची प्रिलिम झाली. त्यात एक मार्काचा प्रश्न होता, रासायनिक अभिक्रियेत ऊर्जा कशामुळे बाहेर पडते. चाळीस पोरांनी नोट्समधलं ते चौकटीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मॅडमनी चाळीसच्या चाळीस जणांना भोपळा दिला. पेपर वाटले आणि दुसऱ्याच दिवशी क्लासवाले सर दोन पालकांना घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये हजर.

इकडे मधल्या सुट्टीत सायली पाटील पेपर घेऊन लॅबमध्ये आली. गडबची पोरगी. शांत, लांब बोटांची. तिच्या जर्नलमधल्या फ्लास्कच्या आकृत्या इतक्या देखण्या असायच्या की मी कपाटात जपून ठेवायचो. सुट्टीत ती पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणीला जायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचे. सगळ्यात नाजूक काम, एक रेघ हलली की देवाचा चेहरा बिघडला. कारखान्यातल्या मोठमोठ्या बायकांना जे जमत नव्हतं ते ह्या पोरीचा उजवा हात करायचा. तिला पुढे चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं, आणि घरच्यांनीही हो म्हटलं होतं.

"मॅडम, मी मार्कासाठी नाय आले," ती म्हणाली. "तुम्ही शिकवता ते येगळं, नोट्समध्ये येगळं. मी दोन्ही वाचलं. खरं कुठलं ते सांगा."

मॅडमना इतकं खूश झालेलं मी क्वचित पाहिलं. सतरा वर्षांत असं विचारायला आलेली ती पहिलीच असेल. "ये, बस. म्हात्रे, ते चुंबक आणा." मी चुंबक काढून सायलीच्या हातात दिले आणि तेवढ्यात शिपाई आला. प्राचार्य बोलावतायत, आत्ताच्या आत्ता.

केबिनमध्ये काय झालं ते शिपायाने मला नंतर सांगितलं. प्राचार्य म्हणाले, बोर्डाचे तपासनीस कुठलं उत्तर धरतील त्याचा नेम नाही, आणि ह्या क्लासची पोरं आपल्या निकालाचा आधार आहेत. म्हणाले, "तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा. चार महिने राहिलेत तुमचे, कशाला डोक्याला ताप करून घेता? सगळ्यांना मार्क द्या, आजच." क्लासवाले सर बाजूला बसून चहा पीत होते. त्या चहाची मला आजही चीड आहे.

मॅडम परत आल्या. चेहरा पांढराफटक. सायली चुंबक हातात घेऊन तशीच उभी. आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "द्या ना मॅडम, एका मार्काने काय होतंय." सतरा वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकून मी एवढंच शिकलो होतो.

मॅडमनी सायलीच्या हातातून पेपर ओढला, भोपळा खोडला, एक लिहिला आणि पेपर टेबलावर फेकला. "घे. हेच लिही बोर्डात. हेच चालतं इथे."

"पण मॅडम, मग खरं..."

"जा म्हटलं ना!"

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. पोरगी चुंबक ठेवून निघून गेली. मॅडमनी उरलेले एकोणचाळीस पेपर मागवले आणि एकेकावर एक लिहीत बसल्या. कागद फाटेल इतक्या जोराने. घंटा झाली तरी उठल्या नाहीत. मी चुंबक कपाटात ठेवून दिले.

बोर्डाची परीक्षा झाली, सुट्टी लागली. मे महिन्याच्या सुरुवातीला एक दिवस माझी बायको सुनंदा कामावरून आली ती दारातच बसली. सायली आखणीला जायची त्याच कारखान्यात ती रंगकामाला जाते. आम्ही राहतो रामवाडीला, कारखाना चालत दहा मिनिटांवर. तिच्या ओच्यावर प्लास्टरचे डाग होते. पाणी प्याली, मग सांगायला लागली.

कारखान्याचा मालक बबनशेठ. त्याला एका मोठ्या मूर्तीचं काम मिळालं होतं. आशीर्वादाचा हात खऱ्या माणसासारखा, अगदी रेषांसकट हवा, असा मंडळाचा हट्ट. बबनशेठने ठरवलं, खऱ्या हाताचाच साचा घ्यायचा. सायलीची बोटं लांब, म्हणून तिचा हात. हाताला खोबरेल चोपडलं, बोटांच्या कडेने एक दोरा लावला. प्लास्टर अर्धं घट्ट झालं की दोरा ओढायचा, म्हणजे साच्याच्या दोन फाकी होतात आणि हात मोकळा होतो, अशी ती युक्ती. मग मनगटापर्यंत हात बालदीत आणि बालदीभर दाट प्लास्टर. वर घाई म्हणून बबनशेठने त्यात दोन मुठी मीठ टाकलं. मिठाने प्लास्टर लवकर धरतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

प्लास्टर धरताना गरम होतं हेही कारखान्यात सगळ्यांना ठाऊक. रबरी साच्यात बोटभर जाडीचा थर असतो. तो कोमट झाला की समजायचं, मूर्ती काढायला आली. थंडीत बायका त्या साच्यांवर तळवे शेकतात. सुनंदाही शेकते. त्यामुळे भ्यायचं काही कारणच कोणाला दिसलं नाही. पण बोटभर थर वेगळा आणि बालदीभर गोळा वेगळा. गोळ्याच्या मधली ऊब जाणार कुठे? ती तिथेच वाढत राहते, आणि मधोमध सायलीचा हात.

"शेठ, गरम लागतंय."

"लागणारच गो. हलू नको, रेघा बिघडतील."

थोड्या वेळाने ती म्हणाली, भाजतंय. बबनशेठने दोरा ओढला. मिठामुळे प्लास्टर कधीच दगड झालं होतं. दोरा तुटला. मग पोरगी किंचाळायला लागली. एकाने छिन्नी आणली, एकाने हातोडी, आणि आत हात आहे म्हणून जोरात मारायची कोणाची हिंमत होईना. "किती वेळ लागला ते इचारू नका," सुनंदा म्हणाली. "आणि हात कसा निघाला तेही इचारू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोह्याला गेलो. मॅडमचं घर नदीच्या बाजूला. मला वाटलं, त्यांना कोणीतरी सांगायला हवं. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला पीठ होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणता हात?"

"उजवा."

त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले, ओढणी पिन केली आणि चला म्हणाल्या. एसटीने नागोठणं गाठलं. मग एकदम विचारलं, "बालदी केवढी होती? पाणी किती, प्लास्टर किती?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोरगी भाजलीय मॅडम, आणि तुम्ही मापं विचारताय!"

"मापं कळली नाहीत तर आत किती तापलं असेल ते मला कसं कळणार, म्हात्रे?" त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

दवाखान्यात सायली एकटीच होती. आई औषधं आणायला खाली गेली होती. हात कोपरापर्यंत बांधलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन बोटांची टोकं काढावी लागतील, अंगठ्याच्या बाजूची दोन. ब्रश धरायची तीच. मॅडमना बघून ती उठायला गेली. मॅडमनी तिला दाबून निजवलं.

"मॅडम, माझंच चुकलं," ती म्हणाली. "गरम व्हायला लागलं तेव्हा हात निघत होता. ओलंच होतं तवर. पण कोमट तर रोजच होतं, आणि मला वाटलं, आता हे जुळत चाललंय, म्हणजे आता गारच होत जाणार. गरम तर तुटताना होतं ना? जरा सोसलं की झालं. तुम्ही चुंबकाचं सांगितलं होतं ते पण आठवलं मला. पण मग तुम्ही मार्क दिलात. म्हणजे नोट्समधलंच खरं, असं धरून चालले मी."

ती हे तक्रार म्हणून बोलत नव्हती. आपण अभ्यास नीट केला होता, हे बाईंना सांगत होती. मॅडम तिच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी मात्र तिथे थांबू शकलो नाही. एका मार्काने काय होतंय, हे विचारणारा मीच होतो, आणि उत्तर खाटेवर पडलेलं होतं.

खाली आल्यावर मॅडम म्हणाल्या, "ती विचारायला आली होती, म्हात्रे. विचारायला आली होती." मग दातओठ खात म्हणाल्या, "सतरा वर्षं मी पेणमध्ये चुंबक ओढत बसले. पेणमध्ये! जिथे घरोघरी प्लास्टर कालवतात. पावडर पाण्याशी जुळते आणि उष्णता बाहेर पडते, डोळ्यांसमोर, रोज. एक घमेलं वर्गात आणून त्यात थर्मामीटर खुपसला असता तर? नाही सुचलं मला. अक्कल कुठे गहाण ठेवली होती मी?"

तिसऱ्या दिवशी सुनंदाने घरी येऊन सांगितलं की बबनशेठ पुन्हा हाताचा साचा घेणार आहे. काम तर पुरं करायचंच होतं. ह्या वेळी रंजनाचा हात. सुनंदाच्या शेजारी बसून सोंडा रंगवणारी ही वीस वर्षांची पोर. बबनशेठ सगळ्यांना सांगत होता, सायली घाबरट, वेळेत बोलली असती तर काही झालं नसतं. चूक फक्त मिठाची होती, ह्या खेपेला मीठ नाही टाकायचं. मी मॅडमना फोन केला. अकरा वाजता त्या लॅबमध्ये आल्या, कपाटातून थर्मामीटर घेतला आणि कारखान्याकडे चालायला लागल्या. मी मागोमाग.

रंजना हाताला तेल लावून स्टुलावर बसलेली. मॅडम बबनशेठला म्हणाल्या, "तिचा हात नंतर. आधी बालदी भरा. मिठाशिवाय, तुम्हाला हवी तशी."

"मॅडम, तुमचं शिक्षण तुमच्या कॉलेजात. इथे माझ्या बापापासूनचा कारखाना हाय."

"म्हणूनच म्हणते. तुम्हाला जास्त कळतं. मग आज त्या बालदीत तुमचा हात घाला."

त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की रंगवणाऱ्या बायकांनी ब्रश ठेवले आणि जवळ आल्या. बबनशेठ हसला, पण हात काही त्याने पुढे केला नाही. शेवटी बायकांसमोर मागे हटणं बरं दिसेना म्हणून त्याने बालदी कालवली. मॅडमनी मधोमध थर्मामीटर उभा केला. आम्ही सगळे भोवती. पहिली काही मिनिटं काहीच नाही. बबनशेठ म्हणाला, "बघा, गारेगार." मग पारा चढायला लागला. चाळीस. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं. बबनशेठने वरून बोटाने टकटक केली आणि ठामपणे म्हणाला, "झालं. धरलं. आता उतरणार."

"कशावरून?" मॅडम म्हणाल्या.

पारा उतरला नाही. पन्नास झाला. पंचावन्न. बालदीला बाहेरून हात लावून बघितलेल्या एका बाईने चटकन हात काढला. पारा साठ ओलांडून गेला आणि थर्मामीटर त्या दगडात असा रुतला होता की कोणाला उपटता येईना.  रंजना स्टुलावरून उठली आणि पदराने हाताचं तेल पुसायला लागली. पुसतच राहिली. सुनंदा तिला नळावर घेऊन गेली.

"बाईमाणसांना भडकवायला आलात," बबनशेठ म्हणाला.

"हो," मॅडम म्हणाल्या. मूर्तीचा तो हात पुढे बबनशेठने मातीचा घडवून घेतला. आधीच घेतला असता तर कोणाच्या बापाचं काय जात होतं, हे मी त्याच्या तोंडावर विचारलं. 

ह्या गोष्टीनंतर सगळ्यांनी मॅडमची वाहवा केली. मॅडमनी कारखान्यात जाऊन कशी जिरवली, असं पेणमध्ये बोलणं सुरू झालं. प्राचार्यांनाही अचानक अभिमान वाटायला लागला. महिनाअखेरीला त्यांनी निरोप समारंभ ठेवला, शाल दिली, नारळ दिला आणि भाषणात 'तत्त्वनिष्ठ' हा शब्द तीन वेळा वापरला. मला उठून ओरडावंसं वाटत होतं. मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. बोलायची पाळी आली तेव्हा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जानेवारीत मी चाळीस चुकीच्या उत्तरांना मार्क दिले. चुकीची आहेत हे माहीत असून दिले. एवढंच सांगायचं होतं." प्राचार्यांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या. बाहेर आल्यावर नारळ माझ्या हातात कोंबून त्या म्हणाल्या, "गडबला सोडता?"

माझ्या स्कूटरवर आम्ही निघालो. सायलीचं घर हायवेपासून जरा आत, शेताच्या कडेला, हायवेवरून अंगण दिसायचं. सायली वडिलांबरोबर मुंबईला ऑपरेशनला गेली होती. आई एकटी होती, अंगणात वाल सुकत घातले होते ते परतत होती. मॅडमना बघून तिने पदराने ओटी पुसली. "बसा मॅडम. तुम्ही कारखान्यात गेलात ते कळलं आम्हाला. दुसऱ्या पोरीचा हात वाचवलात, लय चांगलं केलंत." आत जाऊन चहा घेऊन आली.

मॅडमनी कप खाली ठेवला. आणि सगळं सांगितलं. सायली कशी विचारायला आली, त्यांनी मार्क कसा लिहिला, पेपर कसा फेकला. काही लपवलं नाही, काही जास्तही बोलल्या नाहीत. 'माफ करा' सुद्धा म्हणाल्या नाहीत.

आई ऐकत होती. वालाचे दाणे तिच्या मुठीत होते.

"त्या क्लासवाल्याला म्हायत नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "बबनशेठलाही म्हायत नव्हतं. माझी पोर तर शिकतच होती. तुम्हाला म्हायत होतं."

"हो."

"मग?"

 मॅडमना उत्तर शोधताना मी कधीच पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "मला राग आला होता."

"माझ्या पोरीचा?"

"नाही. दुसऱ्यांचा."

आईने मुठीतले वाल खाली टाकले, दोन्ही भरलेले कप उचलले आणि आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला. आम्ही थोडा वेळ ओटीवर बसलो. ती बाहेर आली नाही. मी म्हटलं, चला मॅडम. त्या उठल्या. आम्ही हायवेवर आलो. तिथून त्यांना रोह्याची एसटी मिळणार होती.

एसटी लगेच आली. मी हात केला, ती थांबली, दार उघडलं. मॅडमनी पायरीवर पाय ठेवला आणि काढला. कंडक्टर म्हणाला, "बाई, येताय ना?" त्यांनी त्याला हातानेच जा म्हणून सांगितलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही जा, म्हात्रे," आणि पुन्हा त्या घराच्या वाटेला लागल्या. शाल अजून खांद्यावरच होती. मी तिथेच उभा राहून बघत होतो. अंगणातले वाल चुकवत त्या ओटी चढल्या आणि दाराची कडी वाजवली. कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली.